पाहुण्याच्या मापावरचा ठिपका

“हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही,” आबा म्हणाले आणि त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. “तेव्हा विश्वास ठेवायची तसदी घेऊच नका. नुसतं ऐका.”

टेप उतरली की थाप येणार, हे केतकीला पक्कं ठाऊक होतं. एरवी ती टेप आबांच्या गळ्यातून जेवतानाही उतरायची नाही.

म्हसवडच्या बाजारपेठेत ‘पिसे टेलर्स’ हे शिवणाचं शेवटचं दुकान उरलं होतं. बाकी सगळीकडे ती काचेची कपाटं आली होती. आत मिनिटभर हात पसरून उभं राहायचं, कपाट अंगावरून उजेड फिरवतं आणि खालच्या खणातून गरम गरम शर्ट बाहेर पडतो. तरीही लोक भानुदास पिशांकडे, म्हणजे आबांकडे येत राहिले. का, तर कपाट खरं बोलायचं. तुमची कंबर बेचाळीस इंच असेल तर ते “बेचाळीस” म्हणून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगायचं. आबा असला अगोचरपणा करत नसत. कंबर बेचाळीस भरली की ते मोठ्यानं “चाळीस” म्हणायचे. गिऱ्हाईक सुखावायचं, पोट थोडं सैल सोडायचं. मापवहीत मात्र आबा बेचाळीसच लिहायचे आणि शेजारी लाल पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचे. ठिपका म्हणजे, सांगितलं वेगळं, खरं हे. कापड कापताना ठिपक्याकडे बघायचं. केतकी आता सहावीत होती. तिला तो ठिपका बाराखडीच्या आधी कळला होता.

तर त्या मंगळवारी दुकानात तिघं ऐकणारे होते. केतकी काजं करत बसली होती. तिचे पप्पा, म्हणजे आबांचा मुलगा सुहास, शाळेच्या गणवेशाच्या कापडाचे गठ्ठे पाठीवर घेऊन माळ्यावर चढवत होते. चाळीस किलोचा एक, असे बारा. आणि दाराशी उभी होती नाडीताई. ती आरोग्य उपकेंद्राची यंत्रमानव (माणसाची कामं करणारं यंत्र). दर मंगळवारी चार वाजता यायची, बाजारातल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघायची. सहा महिन्यांतून एकदा छातीवर तळवाही ठेवायची. त्या तळव्यातून श्राव्यातीत ध्वनी (आपल्या कानांना ऐकू येत नाही इतक्या वरच्या पट्टीतला आवाज) आत जायचा, आदळून परत यायचा आणि त्यावरून नाडीताईला छातीतलं सगळं चित्र दिसायचं. नुकतंच तिनं आबांना कपडे घालून बघायच्या पडद्यामागे नेलं होतं. आबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले, ते थेट टेप उतरवूनच बोलायला लागले.

“दीड वर्षामागं एक पाहुणा आला. माणगंगेच्या पात्रात यान उतरवलं आणि चालत इथवर आला. उंची विजेच्या खांबाएवढी. अंगात हाडाचा पत्ता नाही. सगळा मिळून एक नळी. खाली हृदय धडधडतंय, त्यातून नळी सरळ वर चढते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि खाली उतरते. मला म्हणाला, पिसे, एक बंडी शिवा.”

“मराठी बोलत होता का?” माळ्याच्या जिन्यावरून सुहासनं विचारलं.

“माणदेशी बोलत होता. मी पण चमकलो. तर बाबा, मी त्या वर चढणाऱ्या तुकड्याचं माप घेतलं. सेहेचाळीस. सहा महिन्यांनी परत हजर. म्हणे, बंडी घट्ट होतीय. घेतलं माप, अठ्ठेचाळीस. आणखी सहा महिन्यांनी एक्कावन्न.”

“इंच?” केतकीनं विचारलं.

“मिलिमीटर (एका सेंटिमीटरचा दहावा भाग).”

केतकीची सुई थांबली. आबांनी उभ्या जन्मात कशाचंच माप मिलिमीटरमध्ये सांगितलं नव्हतं. चपातीसुद्धा ते इंचात मोजायचे.

“खांबाएवढा उंच आणि नळी केळाएवढी?” सुहास हसला.

“बारीक होता बिचारा. आता कोडं घाला डोक्यात. नळी रुंदावत चाललीय. हृदय पूर्वी जेवढ्या जोरानं रक्त ढकलत होतं, तेवढ्याच जोरानं ढकलतंय. तर हे पाहुण्याला बरं की वाईट?”

“बरं,” केतकी म्हणाली. “रस्ता रुंद झाला की गर्दी कमी होते.”

“शाबास. मीही त्याला तेच सांगितलं.”

केतकीनं सवयीनं नाडीताईकडे पाहिलं. नाडीताईला काही विचारलं की ती लगेच उत्तर द्यायची. आज मात्र तिनं आधी आबांकडे पाहिलं.

“केतकी, मी सांगण्यापेक्षा तू शिवून बघ,” ती म्हणाली. “एकाच कापडाच्या दोन पिशव्या कर. एक फुगल्यावर तीन बोटं जाड होईल अशी, दुसरी सहा बोटं. दोन्हींना दोन्ही अंगांना कच्ची शिलाई घाल, एकाच दोऱ्याची, एकाच लांबीच्या टाक्याची.”

शिवायचं म्हटल्यावर केतकीला दुसरं काही नको असायचं. वीस मिनिटांत पिशव्या झाल्या. आत एकेक जाड फुगा घातला. सुहासनं शेतातल्या ठिबकचा तीन तोंडांचा जोड शोधून आणला. एका तोंडाला सायकलचा पंप, बाकीच्या दोन तोंडांना दोन फुगे. एकच पंप, म्हणजे दोन्ही पिशव्यांत हवेचा दाब एकच.

सुहास पंप मारायला लागला. पिशव्या टरारल्या. मग टर्र असा आवाज झाला आणि रुंद पिशवीची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. तीन बोटांची पिशवी तशीच उभी होती.

“माझा टाका वाकडा पडला असेल,” केतकी म्हणाली. तिनं पुन्हा शिवली. पुन्हा रुंदच फाटली. तिसऱ्यांदाही.

आबा उसवलेल्या दोऱ्याचं टोक बोटांत धरून बघत होते.

“हवा कापडाच्या प्रत्येक बोटभर जागेला ढकलते,” नाडीताई सांगू लागली. “बारीक पिशवी तीन बोटं जाड, म्हणजे पिशवीचे दोन अर्धे एकमेकांपासून लांब ढकलायला तीन बोटं हवा आहे. रुंद पिशवीत सहा बोटं हवा आहे. धरून ठेवणाऱ्या शिवणी किती?”

“दोन्हीकडे दोनच.”

“म्हणजे रुंद पिशवीच्या एकेका टाक्याला किती ओढ?”

केतकीनं बोटांवर हिशेब केला. “दुप्पट.”

“त्या ओढीला ताण म्हणतात. दाब तोच असला तरी नळी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवर ताण जास्त. आणि ताणली गेलेली भिंत पातळ होते. पातळ झाली की आणखी ताणली जाते.”

“म्हणजे पाहुण्याला वाईट,” केतकी हळूच म्हणाली.

“पाहुणा जाऊ दे,” सुहास पंप खाली ठेवत म्हणाला. “असं माणसांना होतं का?”

“होतं. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी असते, तिचं नाव महाधमनी. तिचा सुरुवातीचा वर चढणारा भाग काही जणांत फुगतो. बहुतेक जण साठीच्या पुढचे, त्यांत पुरुष जास्त. कित्येकांचा रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला असतो आणि त्यांनी गोळी घेतलेली नसते. काहींच्या हृदयाच्या दाराशी असलेल्या झडपेला (रक्ताला एकाच दिशेनं जाऊ देणारं झाकण) जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. काही घरांत हे रक्तानंच येतं, आईबापाकडून मुलांकडे.”

“दुखतं का खूप?”

“दुखत नाही. तेच तर वाईट आहे. खोकल्यासाठी छातीचा फोटो काढला, म्हणून सापडलं, असंच बहुतेकांचं होतं.”

“आणि पुढे?” केतकीनं विचारलं. “मरतात?”

नाडीताईला खोटं बोलता येत नसे आणि गोड करून सांगताही येत नसे. “शंभर जण घे. बऱ्याच जणांची नळी थोडीच फुगलेली असते, वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. ते गोळ्या घेतात, दरवर्षी माप देतात आणि म्हातारे होऊन दुसऱ्याच कशानं तरी जातात. पण माप पन्नास ओलांडतं, पंचावन्नकडे जातं, तशी फाटणाऱ्यांची संख्या वाढायला लागते. जिची वाढ भराभर होते ती नळी तर आणखी धोक्याची. आपोआप ती मागे आकसत नाही. तुमच्या कोटाला अस्तर असतं, तसं महाधमनीलाही आतून अस्तर असतं. ते फाटलं की रक्त अस्तर आणि कापड यांच्या मध्ये घुसतं आणि सोलत जातं. मग तास मोजायचे. पुष्कळ जण दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत.”

“वेळेत कळलं तर?” सुहासनं विचारलं.

“तर ठरवून शस्त्रक्रिया करतात. फुगलेला तुकडा कापून काढतात आणि तिथं ही शिवतात.” नाडीताईनं पोटातल्या खणातून शाळेत मुलांना दाखवायचा एक नमुना काढला. अंगठ्यापेक्षा थोडी जाड, पांढरी, चुण्याचुण्यांची नळी. “अशी शस्त्रक्रिया झालेले बहुतेक जण घरी परत येतात. सगळे नाही. बहुतेक.”

आबांनी ती नळी हातात घेतली. ओढून पाहिली. नखानं वीण खरवडली. “हे तर कापड आहे.”

“विणलेलं पॉलिएस्टर.”

“आणि शिवतं कोण? यंत्र?”

“शेवटचे टाके माणूसच घालतो. अर्धचंद्राच्या आकाराच्या सुईनं.”

“हं.” आबांनी नळी उजेडात धरली. “वीण दाट आहे. चुण्यांचा विचारही बरा केलाय, वळणावर घडी पडणार नाही.” मग त्यांनी ती चटकन परत दिली, हात भाजल्यासारखी. “पण पाहुणा काही कापू देणार नाही. मी पंचावन्न वर्षं कापड कापतोय. कापलेलं जोडता येतं. कापलंच नव्हतं असं करता येत नाही.”

“मग काय झालं त्याचं?” केतकीनं विचारलं.

“पुढच्या मंगळवारी,” आबा म्हणाले आणि टेप परत गळ्यात घातली.

जाताना नाडीताई दारात थांबली. केतकी तिच्या मागे गेली.

“नाडीताई, तो पाहुणा कोण आहे?”

“एकाचं माप दुसऱ्याला सांगायची मला मुभा नाही,” नाडीताई म्हणाली. “ते सांगणं मापाच्या मालकाचं काम. मी मालकाला तीन वेळा सांगितलंय, घरच्यांशी बोला म्हणून. पण एक गोष्ट मी सगळ्यांनाच सांगते. घरात एकाची नळी फुगलेली सापडली, तर त्याच्या भावंडांनी आणि मुलांनीही माप द्यावं. आणि माप कळेपर्यंत श्वास कोंडून जड ओझी उचलू नयेत. त्या वेळी रक्तदाब एकदम उसळतो.”

आत सुहास सातवा गठ्ठा पाठीवर घेत होता. मानेच्या शिरा टरारल्या होत्या.

त्या रात्री केतकीला जेवण गेलं नाही. पिशवी उसवल्याचा आवाज कानातून जात नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना तिनं पप्पांना विचारलं, “सोपान आजोबा कशानं गेले?”

सोपान आजोबा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. दुकानातला कापायचा मोठा टेबल त्यांचाच.

“हार्ट अटॅक म्हणाले सगळे,” सुहास म्हणाला. “छप्पन्न वर्षांचे होते. टेबलावर तागा पसरला होता, एक टोक त्यांनी धरलेलं, दुसरं आबांनी. एकाएकी म्हणाले, भानू, आत काहीतरी फाटलं रे. बस, एवढंच. आबांच्या हातातलं टोक सुटलं नव्हतं म्हणतात, तासभर.”

“फाटलं म्हणाले?”

“हो. का गं?”

केतकीनं दप्तर खांद्यावर घेतलं आणि ती चालू लागली.

शुक्रवारी तिला शाळेच्या स्कर्टसाठी स्वतःचं जुनं माप हवं होतं. आबा जेवायला घरी गेले होते. तिनं मापवही उघडली. वहीत आडनावांच्या अक्षरानं पानं होती. ‘प’ काढलं. पिसे केतकी. पिसे सुहास. आणि त्याच्या वरच, पिसे भानुदास. छाती अडतीस, कंबर छत्तीस, बाही तेवीस, पायजम्याची लांबी एकोणचाळीस. शिंपीसुद्धा स्वतःचं माप लिहून ठेवतो, त्यात नवल नव्हतं.

पण सगळ्यात खाली, कशाचं माप ते न लिहिता, चार आकडे होते. समोर सहा-सहा महिन्यांच्या तारखा.

४६ •
४८ •
५१ •
५४ •

शेवटची तारीख याच मंगळवारची होती.

केतकीनं वही मिटली. पुन्हा उघडली. ठिपके तिथंच होते. दीड वर्षापूर्वी आबांना खोकला लागला होता, फोटो काढला होता, ते तिला आठवलं. घरी येऊन आबा म्हणाले होते, छातीतली नळी जराशी सैल आहे म्हणे, चाळीस, घाबरायचं कारण नाही. मग त्यांनी सगळ्यांना भजी आणली होती. घर सुखावलं होतं. कुणी पुढं काही विचारलं नव्हतं.

घरालाही आबांनी गिऱ्हाइकाचंच माप सांगितलं होतं.

तीन दिवस केतकीनं तोंड उघडलं नाही. कितीदा शब्द ओठांपर्यंत आले. पण पिशांच्या दुकानात गिऱ्हाइकाचा ठिपका फोडत नाहीत. ही गोष्ट तिला चालायला शिकवण्याआधी शिकवली गेली होती. कदम बाईंची खरी कंबर तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती, सांगणारही नव्हती. मात्र आबा स्वतः रोज तिला सांगत, माप लपवायचं ते बोलताना. कापताना लपवलं तर कपडा वाया जातो. ती आबांकडे बघायची. ते मशीन चालवत असायचे, पाय हलायचा, शर्टाच्या आत ती नळी रुंदावत असेल, आवाज न करता. सोमवारी आबांना टेबलावरून कात्री उचलताना ठसका लागला, तर केतकीच्या हातून बॉबिन पडली.

मंगळवार आला. चार वाजता नाडीताई दारात आली. सुहास नव्या गाडीतून आलेले गठ्ठे चढवत होता. आबांनी टेप गळ्यातून काढली.

“हां, तर कुठवर आलो होतो? पाहुण्याचं माप एक्कावन्न. बिचारा घाबरला. गावात एक लोखंडाची बाई होती, ती त्याला म्हणाली, तुला कापायला लागेल.” आबांनी नाडीताईकडे मिश्कीलपणे पाहिलं. नाडीताई हलली नाही. “मी म्हटलं, पाहुण्या, घाबरू नकोस. मी शिंपी आहे. मी त्याला नुसता एक काढा दिला, घट्ट बंडी घातली आणि रोज माझ्या गोष्टी ऐकवल्या. हसून हसून नळी आकसली. पन्नास, पंचेचाळीस, शेवटी पुन्हा चाळीस. कुठं कापलं नाही, कुठं टाका नाही. टुणटुणीत होऊन आपल्या ग्रहावर गेला. अजून सणासुदीला निरोप येतो त्याचा.”

सुहास जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होता, पाठीवर गठ्ठा. तो हसला. “भारीच की आबा. लोखंडाच्या बाईची चांगली जिरवली.”

आबाही हसले. पण त्यांचा डावा हात टेबलावर सोपान आजोबांच्या जागेवर टेकला होता. हे फक्त केतकीला दिसलं.

“तर झाली गोष्ट,” आबा म्हणाले. “खरी मानायची तर माना.”

केतकी उठली. मापवही तिच्या हातात होती, ‘प’च्या पानात बोट घातलेली. तिनं ती टेबलावर उघडी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

“आबा, खोटं आहे हे. फुगलेली नळी आपोआप आकसत नाही. आणि पाहुण्याचं माप चाळीस नाही, चौपन्न आहे, ठिपका दिलेलं, तुमच्या पानावर. पप्पा, तो गठ्ठा आधी खाली ठेवा आणि नाडीताईला छातीचं माप द्या. आबा, तुम्ही दवाखान्यात चला, मी येते बरोबर. टाके घालून झाले की डॉक्टरांकडून चित्र मागून घेईन, आणि एक जरी वाकडा दिसला ना, तर त्यांना तुमच्या हाताखाली शिकायला बसवीन.”